गिटारसाठी लहान स्टेज मॉनिटर निवडताना काय पाहावे?

राजेंद्रनगरकर, इंदूर

सप्रेम नमस्कार. आमचा तिघांचा गट इंदुरात भावगीते आणि नाट्यगीते सादर करतो: गायिका, तबला आणि माझी अकूस्टिक गिटार. दिवाळी पहाट, गणेशोत्सव आणि घरगुती मैफली असे कार्यक्रम असतात व बैठक बहुतेक वेळा गादीवरच असते. साउंडवाले जो एक मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) देतात तो साहजिकच गायिकेसमोर ठेवला जातो. तबल्याशेजारी बसल्यावर मला स्वतःचे वादन नीट ऐकू येत नाही आणि हात नकळत जड पडू लागतो. त्यामुळे स्वतःचा, स्कूटरवर पायांशी ठेवून नेता येईल असा मॉनिटर घ्यावा असे मनात आहे. महाराणी रोडवर चौकशी केली, तेव्हा प्रत्येकाने फक्त वॉटचे आकडे सांगितले. गिटारला सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिएझो पिकअप, म्हणजे कंपनांचा विद्युत सिग्नल करणारी पट्टी, आहे; तो सिग्नल सावरणारा प्रीअँप नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खर्ज

मॉनिटरच्या आधी पिकअपचा विचार करावा लागेल, कारण प्रीअँप नसलेला पिएझो पिकअप कोणत्याही इनपुटला जोडून चालत नाही. त्याला किमान 1 मेगाओहम, शक्य तर 10 मेगाओहम इनपुट इंपीडन्स (इनपुटचा विद्युत अवरोध) लागतो. मिक्सरचा किंवा साध्या पॉवर्ड स्पीकरचा लाइन इनपुट बहुधा काही दहा किलोओहमचा असतो. तिथे पिएझो सरळ जोडला की खालचे स्वर गळून पडतात आणि उरतो तो पातळ, पत्र्यासारखा आवाज. लोक मग दोष स्पीकरला देतात आणि बासचे बटण फिरवत बसतात. स्पीकरला वेगळा इन्स्ट्रुमेंट इनपुट, म्हणजे हाय-झेड, आहे का हे पाहा. नसेल तर प्रीअँप किंवा पिएझोसाठी योग्य असा अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करणारी, वीज लागणारी डबी) मध्ये घ्या. गिटारपासून तिथपर्यंतची केबल आखूड ठेवा, कारण लांब केबलमध्ये पिएझोचा सिग्नल क्षीण होतो. अंदाजपत्रकातला काही भाग यासाठी आधीच बाजूला काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वॉटच्या आकड्यांबद्दल थोडक्यात: खोक्यावर छापलेला आकडा पुष्कळदा 'पीक'चा, म्हणजे क्षणभरापुरत्या कमाल शक्तीचा असतो. शिवाय शक्ती दुप्पट केली तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने वाढतो. उलट, मोकळ्या जागी स्पीकर निम्म्या अंतरावर आणला तर सुमारे 6 डेसिबल मिळतात, आणि तेही फुकट.

मांडववाला

मी मांडवांमध्ये साउंडचे काम करतो, म्हणून बैठकीविषयी लिहितो. बाजारातले बहुतेक वेज मॉनिटर (जमिनीवर ठेवायचे, पाचरीच्या आकाराचे) उभ्या कलाकारासाठी कललेले असतात. गादीवर बसलेल्या माणसासमोर असा मॉनिटर ठेवला की त्याचा तिखट भाग, म्हणजे वरचे स्वर, डोक्यावरून निघून जातो आणि कलाकाराला नुसती घुमघुम ऐकू येते. मग तो आवाज वाढवायला सांगतो आणि शिट्टी सुरू होते. म्हणून ज्याचा कल कमी करता येतो, किंवा जो मायक्रोफोनच्या स्टँडवर कानाच्या उंचीला लावता येतो, असाच मॉनिटर घ्यावा.

गिटारचा फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा वाद्यात किंवा माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी वा घुमघुम) गायिकेच्या माइकपेक्षा निराळा असतो. मोठ्या आकाराच्या गिटारच्या पोटातली हवा साधारण 100 हर्ट्झच्या आसपास घुमते आणि वरची फळी त्याहून वर, 200 हर्ट्झच्या परिसरात. मॉनिटर जमिनीवर ठेवला की खालचे स्वर आपोआप फुगतात, ते नेमके या घुमाऱ्यात मिसळतात. यावर नॉच फिल्टर (घुमणारा तेवढाच स्वर कापणारा), फेज (ध्वनिलहरीचा चढ-उतार) उलटवण्याचे बटण आणि ध्वनिछिद्रावर बसणारे रबरी झाकण हे तिन्ही उपाय कामाचे आहेत. झाकण स्वस्त आहे, ते आधी घ्या.

गायिकेचा माइक कोणता आहे हेही विचारून ठेवा. शुअर एसएम 58 कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा आहे, तो बरोबर पाठीमागून कमीत कमी ऐकतो. शुअरचाच बीटा 58ए सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोर अधिक अरुंद टप्प्यात ऐकणारा आहे, त्याच्या बाबतीत मॉनिटर पाठीमागे पण थोडा बाजूला असावा लागतो.

राजेंद्रनगरकर

दोघांचेही आभार. मग 5 इंची स्पीकर पुरेल का? गिटारची सहावी तार 82 हर्ट्झची, ती एवढ्याशा स्पीकरमधून ऐकू येणार नाही अशी शंका वाटते.

सहावी तार

मूळ 82 हर्ट्झ फारसा येणार नाही हे खरे; तरीही स्वर ओळखता येतो, कारण कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. मॉनिटरचे काम आपल्याला सूर आणि लय दाखवण्याचे आहे, श्रोत्यांना भरदार आवाज मुख्य स्पीकर देतीलच. बेहरिंगरचा बी205डी (5.25 इंची, 150 वॉट) माइकच्या स्टँडवर लागतो आणि मोठ्या कार्यक्रमांत तो आपल्याला पुरेल.

घरगुती मैफलीत मात्र मुख्य स्पीकरच नसतात. तिथे त्याच डब्याचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचवायचा असेल तर अकूस्टिक अँप्लिफायर (अकूस्टिक गिटारसाठीचा, स्पीकर आतच असलेला) अधिक सोयीचा. फिशमनच्या लाउडबॉक्स मिनीमध्ये 60 वॉट, 6.5 इंची वूफर, गिटार व माइकसाठी स्वतंत्र चॅनल, फेजचे बटण आणि मिक्सरकडे जाणारा डीआय आउटपुट आहे. वजन 9 किलोच्या आसपास. यामाहाचा डीबीआर10 जमिनीवर आडवा ठेवता येतो, त्याला मॉनिटरसाठी वेगळे सेटिंग आहे आणि आवाजही ऐसपैस आहे, पण 10.5 किलोचा तो खोका स्कूटरवर पायांशी मावेल असे वाटत नाही. तुमच्या वर्णनावरून मी अँप्लिफायरकडे झुकेन.

मांडववाला

सहमत, फक्त बैठकीत तो विटेवर किंवा लाकडी ठोकळ्यावर मागे कलता ठेवा. दुकानात स्वतःची गिटार आणि केबल घेऊन जा, खाली बसा, मांडीपासून हातभर अंतरावर स्पीकर ठेवून सहाव्या तारेचा तिसरा पडदा आणि मोकळी पाचवी तार वाजवा आणि आवाज हळूहळू वाढवत न्या. गिटार कुठे घुमू लागते ते लगेच कळेल. तेव्हा फेजचे बटण दाबून फरक पाहा. आणि मांडवात गुणगुण आली तर डीआयवरचे ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलची जमीन-जोडणी तोडणारे बटण) वापरा, प्लगची अर्थिंगची पिन कोणालाही काढू देऊ नका.