पूररेषेचा प्रश्न कोणत्या विभागाचा? विद्याशाखांच्या विभागणीवर चर्चा

कृष्णाकाठ, सांगली (मूळ मांडणी)

महाविद्यालयांत ज्ञानाची जी विभागणी रूढ आहे ती मुख्यतः अध्यापनाच्या आणि नेमणुकांच्या सोयीसाठी आहे. तीच ज्ञानाची स्वाभाविक रचना आहे असे आपण धरून चाललो आहोत आणि त्याचे नुकसान आमच्यासारख्या नदीकाठच्या शहराला सोसावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

पूररेषेचे, म्हणजे पुराचे पाणी कोठवर येऊ शकते हे नकाशावर दाखवणाऱ्या रेषेचे, उदाहरण घ्यावे. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. असा एक पूर येऊन गेला की पुढची ९९ वर्षे निर्धास्त राहता येईल, असा याचा अर्थ पुष्कळ लोक घेतात. वास्तविक, तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची संभाव्यता एक टक्का असते. त्यामुळे ३० वर्षे गृहकर्ज फेडणाऱ्या कुटुंबाला त्या मुदतीत तो पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के ठरते, आणि निळ्या रेषेवरच्या घराबाबत तीच शक्यता ७० टक्क्यांवर जाते.

संख्याशास्त्राचा विद्यार्थी ही आकडेमोड सहज करील, परंतु रेषा नकाशावर कशी उतरते हे त्याला कोणी शिकवलेले नसते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशा वाचता येतो, पण बांधकाम परवानगीचे नियम त्याच्या अभ्यासक्रमात नाहीत. नियम कायद्याच्या वर्गात शिकवले जातात, आणि पूरपट्ट्यातील स्वस्त जागेत कोणत्या उत्पन्नाची कुटुंबे राहायला जातात याचा विचार, झाला तर, अर्थशास्त्रात किंवा समाजशास्त्रात होतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेल्या शहरात हा विषय अखंडपणे शिकवला जाईल असा एकही वर्ग नसावा, याचे मला मनापासून दुःख होते.

म्हणून माझी सूचना अशी, की पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील एका प्रश्नावर प्रकल्प करावा आणि त्याचे मूल्यमापन दोन वेगवेगळ्या विभागांच्या अध्यापकांनी एकत्र बसून करावे.

भूशास्त्राचे अध्यापक, कराड

आपली तळमळ मला समजते, परंतु निदान मान्य नाही. विद्याशाखा ही विषयाभोवती घातलेली भिंत नसते. कोणता पुरावा ग्राह्य मानायचा, मोजमापातील चूक कशी ओळखायची आणि कोणते विधान मागे घ्यायचे, हे ठरवण्याची ती पिढ्यानुपिढ्या घडलेली शिस्त असते.

आमच्या कोयनेचेच पाहा. दख्खनचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर १९६२ पासून लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६ हून अधिक प्रतीचा (मॅग्निट्यूडचा) विनाशकारी भूकंप झाला. धरणामुळेच हे घडले असा तर्क करणे कोणालाही शक्य होते, आणि पाण्याच्या वजनाने जमीन दबली असे आजही आमच्या भागात सांगितले जाते. परंतु मुरलेल्या पाण्यामुळे खडकांच्या भेगांमधील दाब वाढतो, आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगावरचे (खडक तुटून सरकतात त्या भेगेवरचे) घर्षण त्यामुळे कमी होते आणि खडक सरकतात, ही अधिक समाधानकारक उपपत्ती भूकंपशास्त्रज्ञांनी अनेक दशके नोंदी ठेवल्या, जलाशयाची दरवर्षी चढणारी-उतरणारी पातळी त्यांच्याशी ताडून पाहिली, तेव्हा उभी राहिली. पुढे प्रत्यक्ष खडकापर्यंत पोहोचण्यासाठी कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले. हे काम एका वर्षाच्या संमिश्र प्रकल्पातून झाले नसते. पाच विषयांची तोंडओळख असलेल्या तरुणाच्या हाती पूररेषा देण्यापेक्षा एका विषयात पक्का असलेला तरुण मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

ग्रंथपाल, वाई

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट राहून गेली आहे. विभागणी केल्यावाचून ज्ञान सापडतच नाही. अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई यांच्या १८७६ च्या, ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात पुराची जलशास्त्रीय बाजू ५५१ मध्ये, पूरनियंत्रणाचे अभियांत्रिकी ६२७ मध्ये आणि आपत्तीतील मदतकार्य ३६३ मध्ये जाते. म्हणजे एका पुरासाठी वाचकाला तीन कपाटे फिरावी लागतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले, त्यात एका ग्रंथाच्या विषयाचे अनेक पैलू एकाच क्रमांकात गुंफण्याची सोय केली. तरीही ग्रंथ शेवटी एकाच जागी ठेवावा लागतो.

आमच्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. त्यात नोंदी अकारविल्हे आहेत, पण त्या लिहून घेण्याचे आणि तपासण्याचे काम विषयवार तज्ज्ञांकडेच सोपवावे लागले. वाचण्याचा क्रम आणि तपासण्याचा क्रम वेगळे असू शकतात, इतकेच मला सुचवायचे आहे.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, मिरज

सरांनी विभागणीला शिस्त म्हटले, परंतु आमच्यासाठी ती पात्रतेची अट आहे. नेट आणि सेट या अध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा विषयवार होतात, अध्यापकांच्या जागाही विषयवार निघतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे आणि मुख्य विषयासोबत दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची मुभा मिळते आहे. ती मी आनंदाने घेईन. परंतु दोन विभागांच्या सीमेवर केलेले काम मुलाखतीत कोणत्याच विभागाला आपले वाटले नाही, तर त्याचा भार एकट्या विद्यार्थ्यावर पडतो. भरतीचे नियम बदलण्याआधी अभ्यासक्रम बदलणे मला अन्यायाचे वाटते.

कृष्णाकाठ, सांगली

मिरजेच्या ताईंचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे, आणि तो माझ्या सूचनेत आधीच यायला हवा होता. कराडच्या सरांना मात्र मी विचारू इच्छितो, की जलाशयामुळे भूकंप होतो का, हा प्रश्न उत्पन्न तरी कोठे झाला? एकीकडे धरण बांधले जात होते आणि दुसरीकडे जमिनीखालच्या खडकांचा अभ्यास होत होता. दोन्ही एकत्र पाहिल्यावाचून तो विचारताच येत नाही. उत्तर शोधायला तज्ज्ञ लागतात हे मी नाकारत नाही. प्रश्न दिसायला मात्र शाखेबाहेर पाहण्याची सवय लागते. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. आहत नाण्यांची, म्हणजे ठसे मारून बनवलेल्या प्राचीन नाण्यांची, वजने घेऊन, चलनात झिजल्यामुळे होणारी घट त्यांनी संख्याशास्त्राने अभ्यासली आणि त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावण्याचा मार्ग दाखवला. केवळ इतिहास विभागात वाढलेल्या अभ्यासकाला ही पद्धत सुचणे कठीण होते.

भूशास्त्राचे अध्यापक, कराड

कोसंबींचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. ते आधी गणितात पारंगत झाले आणि मग ते शस्त्र घेऊन इतिहासात उतरले. नाण्यांवरचे त्यांचे काम टिकले ते त्यातील संख्याशास्त्र पक्के होते म्हणून. प्रश्न शाखांच्या सीमेवर दिसतो, हे आपले म्हणणे मी स्वीकारतो. आपल्या प्रकल्पालाही माझा विरोध राहणार नाही, मात्र एका अटीवर. दोन परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढू नये. पूररेषेवरच्या प्रकल्पात संभाव्यतेचे गणित चुकलेले असेल, तर त्यातील सामाजिक पाहणी कितीही उत्तम असली तरी संख्याशास्त्राच्या परीक्षकाला तो परत पाठवण्याचा अधिकार असावा, आणि पाहणी निष्काळजीपणे केलेली असेल तर समाजशास्त्राच्या परीक्षकालाही तोच अधिकार असावा.