म्हातारपणाच्या दवापाण्याचा पैसा वेगळा ठेवायचा की विम्यावर भागते?

मनीषनगरकर: पॉलिसी काढली म्हणून निर्धास्त झालेल्यांसाठी हा धागा. माझं मत असं की साठीनंतर दवाखान्याचा पैसा घरखर्चापासून वेगळाच काढून ठेवावा, विमा असला तरी. पॉलिसी बहुतेक भरती झाल्यावरच कामाची. बीपी-शुगरच्या गोळ्या, कवळी, कानाची मशीन, फिजिओथेरपी, आणि सगळ्यात जड म्हणजे पेशंटजवळ घरी ठेवलेली बाई, हे सारं खिशातून. भरती झाले तरी खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की नुसता भाड्याचा फरक भरून सुटका नाही. बऱ्याच पॉलिसींमध्ये डॉक्टरची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात रात्री माणूस भरती करताना हे कोण वाचते?

तर्री पोहा: सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, उत्पन्न कितीही असो. ऑक्टोबर 2024 पासून. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. शिवाय मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स हे सरकारी दवाखाने. जन्मभर काटकसर केली, आता आजारपणाच्या नावानं पैसे दाबून बसायचं? मी तर आईबाबांना म्हणतो, आधी पचमढी करून या.

मनीषनगरकर: पचमढीला खुशाल जाऊ द्या. पण भाऊ, ते कार्ड भरतीसाठी आहे, ओपीडीसाठी नाही. सुट्टी झाल्यावरचे 15 दिवस धरतात. लकवा मारलेला माणूस 15 दिवसांत उठून बसते का? आणि साठ ते सत्तरमधल्यांचं काय?

तर्री पोहा: राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालते. माहीत करून घ्या.

मनीषनगरकर: चालते. यादीतला दवाखाना आणि यादीतला उपचार असला तर.

ईपीएसवाला: दोघंही भरल्या पोटी बोलून राहिले. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांची, किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला 1000 रुपये आहे. त्यातून वेगळं काय काढायचं? जनऔषधीच्या गोळ्या आणि मेडिकलची रांग, एवढंच आमचं नियोजन. ज्याच्यापाशी आहे त्यानं जरूर ठेवावं, पण 'प्रत्येकानं ठेवलंच पाहिजे' हा उपदेश काहून?

बँकवाल्या काकू: ईपीएसवाल्या भाऊंचं खरं आहे, त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पण ज्यांच्याजवळ आहे तेही भलत्या जागी ठेवतात. सिनिअर सिटिझन स्कीमचं व्याज 8.2 टक्के, मर्यादा 30 लाख, म्हणून सगळं तिथंच टाकतात. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का जाते. लागेल तेवढा पैसा साध्या एफडीत राहू द्या, आणि ती एकट्याच्या नावावर नको. नवरा आयसीयूत असताना बायको 'मी नॉमिनी आहे' म्हणून काउंटरवर येते. नॉमिनीला पैसे माणूस गेल्यावर मिळतात हो! 'दोघांपैकी कोणीही' अशी सोय करा, आणि मुदतीआधी मोडायलाही एकाची सही चालेल असं लिहून द्या.

तर्री पोहा: हे पटलं. फक्त दोघं म्हणजे आई आणि बाबा. बाबा आणि पोरगा नाही. पोराच्या हाती गेला की त्या पैशाचं बर्डीवरच्या दुकानाचं डिपॉझिट होते.

मनीषनगरकर: मग आईला एटीएम वापरता येते का, ते आधी पाहून घ्या.