जुना ट्रॅक्टर पांढरा धूर टाकतोय: आधी हेड खोलायचं की आधी डिझेलची लाइन बघायची?

वखरपाळी
जुना ट्रॅक्टर सकाळी स्टार्टला त्रास देतो, पांढरा धूर टाकतो, नांगराला दम सोडतो. एवढं ऐकलं की बहुतेक गॅरेजांत उत्तर तयार असतं: "हाफ इंजिन करून घ्या," म्हणजे हेड उतरवून रिंगा, पिस्टन आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) बदलून घ्या. माझं ठाम मत आहे की कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) मोजल्याशिवाय हेडच्या नटाला पाना लावू देऊ नये.

बोलायला सोपं जावं म्हणून मॅसी २४१ धरू. सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं २५०० सीसी इंजिन, आणि त्यावर रोटरी डिझेल पंप आहे असं समजू.

डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते का जळत नाही? स्टार्टर हळू फिरतोय, लाइनमध्ये हवा आहे, नोझल फवारा न मारता थेंब टाकतंय, पंपाचं टायमिंग मागे सरकलंय, किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. यातलं फक्त शेवटचं कारण इंजिन खोलायला लावतं, आणि नेमकं तेच सगळ्यात आधी धरलं जातं.

आधी बॅटरी. स्टार्टर मारताना १२ व्होल्टची बॅटरी ९.५ च्या खाली जात असेल तर पुढची तपासणी करून उपयोग नाही. अर्थची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. रंगावर आवळलेली अर्थ हे नेहमीचं दुखणं आहे. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी घाला आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले तर हवा मागून येतेय: टाकीचा कॉक, फीड पंपाआधीचं कनेक्शन, किंवा बॅन्जो बोल्टचे (डिझेलचा पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) पुन्हा पुन्हा वापरून चपटे झालेले तांब्याचे वायसर. त्यानंतर रेस थोडी वर ठेवून एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करा. ज्या सिलिंडरला आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हात फवाऱ्यासमोर अजिबात नको, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

लेथवाला
दादा, तुमचा क्रम चुकीचा नाही, पण पेरणी तोंडावर असताना तो कुणाला परवडतो? नोझल टेस्टिंग, पंप कॅलिब्रेशन, नवे फिल्टर, दोन दिवस गेले. शेवटी लायनर घासलेलाच निघतो आणि नव्या नोझलचा खर्च घासलेल्या बोअरवर वाया जातो.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. इंजिन गरम करा, ऑइल भरायचं झाकण काढा, रेस द्या. भसाभस धूर आला, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) ऑइलचे थेंब पडले, तर रिंगा संपल्या.

आणि उशीर फुकट नसतो. रिंगा सुटलेल्या इंजिनात न जळलेलं डिझेल लायनरवरून चेंबरमध्ये (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंग खरवडतं. आज रिंग-पिस्टनवर भागणारं काम पुढच्या हंगामात क्रँक ग्राइंडिंगपर्यंत जातं.

डिपस्टिक
ऑइलमध्ये डिझेल दिसलं म्हणजे रिंगा गेल्या, याला माझा विरोध आहे. फीड पंपाचा डायफ्रॅम फाटला तरी डिझेल थेट चेंबरमध्ये जातं. रोटरी पंपाच्या शाफ्टचं ऑइल सील गेलं तर ते टायमिंग केसमधून खाली उतरतं. दोन्हीत डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढते*. रिंगा संपलेलं इंजिन सहसा ऑइल खातं, पातळी उतरते आणि धूर निळसर असतो. हा फरक न बघता बेअरिंग बदलली आणि सील तसंच राहिलं, तर नवी बेअरिंगही पातळ ऑइलवरच चालणार. पातळी वाढलेली दिसली की इंजिन चालवायचंच नाही. गळती बंद करा, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच पुढचं बोला.

ब्रीदरची परीक्षा मला मान्य आहे, पण ती "किती" हे सांगत नाही. एक सिलिंडर गेलाय की तिन्ही, ते झाकणातल्या धुरावरून कसं कळणार?

वखरपाळी
तेच म्हणतोय. तिन्ही नोझल काढा, कॉम्प्रेशन गेज लावा, डिझेल येऊ नये म्हणून पंपाचा स्टॉप ओढून ठेवा आणि प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टर सारखाच वेळ मारा. सिलिंडरा-सिलिंडरांत तीन किलोपेक्षा (प्रति चौरस सेंमी) जास्त फरक आला तर कमी आकड्याचा सिलिंडर संशयित.

लेथवाला
आणि तिन्ही सारखेच घासले असतील तर? फरक शून्य येईल आणि तुम्ही म्हणाल इंजिन ठीक आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हेच जास्त असतं.

वखरपाळी
हा मुद्दा बरोबर आहे, फरक एकटा पुरत नाही. म्हणून दुसरी फेरी: प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. चमचाभरच, डिझेल इंजिनात पिस्टनवर जागा फार थोडी असते, ऑइल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकेल. आकडा चांगला चढला तर गळती रिंगांतून आहे, तुम्ही म्हणता तेच खरं. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मग हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंगवर (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) किंवा नव्या गॅस्केटवर काम भागतं, पिस्टनला हात लावायची गरज नाही. त्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट) बघा: या मूळ पर्किन्स घडणीच्या इंजिनाला थंडपणी ०.३० मिमी गॅप लागतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की गॅप संपतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन तिथूनच पळतं. फीलर गेजची एक पट्टी आणि अर्धा तास, एवढाच त्याचा खर्च.

धूळवाफा
इंजिन खोला नाहीतर नका खोलू, घासलं कशानं ते कुणीच विचारत नाही. रोटाव्हेटरच्या धुळीत चालणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल बाथ एअर क्लीनर बघा. वाटीत ऑइल खुणेपेक्षा कमी असेल तर धूळ धरली जात नाही, जास्त असेल तर इंजिन ते ओढून घेतं. तळाशी बोटाच्या पेराएवढा चिखल बसला की वाटी धुवायची वेळ कधीच टळलेली असते. आणि एअर क्लीनर ते मॅनिफोल्डचा रबरी होज: त्याच्या खालच्या अंगाला, क्लिपपाशी चीर पडते आणि वरून काही दिसत नाही. ती चीर तशीच ठेवून नवं लायनर-पिस्टन किट घातलं तर तेही लवकरच घासणार. हाफ इंजिनच्या बिलात नवा होज आणि दोन क्लिपा नसतील तर ते काम मी अर्धवट समजतो.

लेथवाला
होजबद्दल शंभर टक्के सहमत.

पण खोलायचंच ठरलं तर "नुसत्या रिंगा टाका" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. लायनरच्या वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग पोचत नाही, तिथे कड राहते. नवी रिंग धारदार असते, ती कडेला आपटून तुटते. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवं-उभं मोजा. झीज ०.२० मिमीच्या पुढे असेल तर नवा लायनर. या इंजिनात लायनर ड्राय आहे, प्रेसवर बसतो. हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका.

डिपस्टिक
एक गोष्ट राहिली. दम कमी झाला म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून "डिझेल वाढवून देतो" म्हणणारे भेटतात. काळा धूर येतो, ओढ थोडी वाढल्यासारखी वाटते, एक्झॉस्ट तापतो आणि पिस्टनचं डोकं जळायला लागतं. कॅलिब्रेशन बेंचशिवाय त्या स्क्रूचं सील तोडू देऊ नये. टायमिंग बघायचं असेल तर पंपाच्या फ्लँजवरची रेघ टायमिंग केसवरच्या रेघेसमोर आहे का, एवढं आधी पाहा. फ्लँजचे नट सैल राहिले की पंप सरकतो, आणि पांढऱ्या धुराचं कारण तिथेच सापडू शकतं.

लेथवाला
ठीक आहे, वखरपाळी दादा. गेजचे आकडे आधी, ऑइल टाकल्यावरचे आकडे नंतर, हे मी मान्य करतो. पण ऑइलने आकडा चढला, तर त्याच दिवशी हेड उतरायला हवं. मग "हा हंगाम काढू" नको. आणि कॉम्प्रेशनसाठी नोझल काढताना खालचा जुना तांब्याचा वायसर भोकात चिकटून राहिला नाही ना, टॉर्च मारून बघा. एकावर एक दोन वायसर बसले की नोझल वर उचललं जातं, फवारा चुकीच्या जागी पडतो, आणि कालपर्यंत नसलेला धूर सुरू होतो.