मदत हवी आहे: विद्यापीठ परिसरातील सुरक्षा कॅमेऱ्यांचे चित्रण किती काळ ठेवावे आणि कोणी पाहावे?

धागाकर्ती

नमस्कार.

आमच्या विद्यापीठाने परिसरातील सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी लेखी धोरण तयार करण्याचे काम एका छोट्या समितीकडे सोपवले आहे आणि अध्यापकांची प्रतिनिधी म्हणून मी त्या समितीत आहे. कॅमेरे आधीपासून बसवलेले आहेत, पण त्यांच्या वापराचे नियम आजवर तोंडीच चालत आले. कोणते चित्रण कोणी मागितले, कोणाच्या सांगण्यावरून ते दाखवले गेले आणि त्याची प्रत कोणाकडे गेली, याची नोंद कुठेही नाही. कायद्याचा भाग आमचे विधी सल्लागार पाहणार आहेत. मला मदत हवी आहे ती रोजच्या व्यवहारातल्या निर्णयांसाठी, कारण कायद्याने मुभा दिलेली प्रत्येक गोष्ट विद्यापीठाने करावीच असे मला वाटत नाही.

आमच्या चर्चेची सुरुवात ‘आणखी कॅमेरे कुठे लावायचे’ या प्रश्नाने झाली. मी तिथेच अडले, कारण त्याआधी ‘कशासाठी’ हे ठरायला हवे होते. कॅमेऱ्यांच्या परिणामावरील चाळीस वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्ह्यांत सरासरी सुमारे १३ टक्के घट दिसली. ही घट सर्वाधिक दिसली ती वाहनतळांवर, आणि हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम आढळला नाही. हे आकडे समोर ठेवले तर सायकलींच्या चोऱ्या होणाऱ्या वाहनतळावरचा कॅमेरा आणि वसतिगृहाच्या मार्गिकेतला कॅमेरा यांचे समर्थन एकाच वाक्यात करता येणार नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा हेतू वेगळा लिहावा, आणि ज्याचा हेतू लिहिता येत नाही तो कॅमेरा काढावा, असा आग्रह मी धरला आहे. समितीने तो निम्मा मान्य केला आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत.

एका विभागाच्या प्रमुखांनी कर्मचारी वेळेवर येतात की नाही हे पाहण्यासाठी प्रवेशद्वाराचे चित्रण नियमितपणे मिळावे अशी मागणी केली आहे. कॅमेरा आहेच, मग त्याचा हाही उपयोग करावा, हा त्यांचा युक्तिवाद वरवर साधा वाटतो. मला तो धोकादायक वाटतो, पण नुसत्या ‘वाटते’ या शब्दावर समितीत माझे म्हणणे टिकणार नाही.

दुसरी अडचण समुपदेशन केंद्राची आहे. केंद्राच्या दारासमोरच्या मार्गिकेत कॅमेरा आहे. तिथे पूर्वी संगणक चोरीला गेले होते, त्यामुळे कॅमेरा काढण्यास सुरक्षा विभागाचा विरोध आहे. पण समुपदेशनासाठी कोण आले, किती वेळा आले आणि कोणत्या अवस्थेत बाहेर पडले, हे सगळे त्यात नोंदले जाते. मदत मागायला येणाऱ्या विद्यार्थ्याला दारातच आपण नोंदले जात आहोत असे वाटले, तर तो पुन्हा येईल का?

तिसरा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न चित्रण किती दिवस ठेवावे हा आहे. काही जण सहा महिने म्हणतात, काही जण एक आठवडा. दोन्ही बाजूंकडे कारणापेक्षा सवयच जास्त आहे.

चौथे, एका पुरवठादाराने चेहरा ओळखण्याची सोय ‘चाचणी म्हणून’ देऊ केली आहे. ती नाकारण्यासाठी मला ठोस आधार हवा आहे.

ज्यांनी असे धोरण राबवले आहे किंवा या यंत्रणेचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (संगणक जाळे आणि साठवणीचे काम पाहणारा)

आपण हेतूपासून सुरुवात केली हे योग्य झाले, कारण तांत्रिक बाजूही तिथूनच ठरते. कॅमेऱ्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात चित्राची घनता प्रति मीटर किती बिंदू (पिक्सेल) यावर मोजतात: कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी साधारण २५, ओळखीची व्यक्ती ओळखू येण्यासाठी १२५, आणि अनोळखी व्यक्तीची खात्रीशीर ओळख पटण्यासाठी २५० बिंदू. १९२० बिंदू रुंदीच्या कॅमेऱ्याला २५०ची घनता हवी असेल, तर तो जेमतेम साडेसात मीटर रुंदीचाच भाग टिपू शकतो. म्हणजे ‘संपूर्ण पटांगण दिसते’ म्हणून उंच खांबावर बसवलेला कॅमेरा तिथून जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो आणि गरजेच्या वेळी एकाचीही ओळख पटवू शकत नाही. त्यापेक्षा प्रवेशद्वारावर अरुंद कक्षेचा, नीट उजेड असलेला एक कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. आपल्या समितीने प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एक माणूस उभा करून दिवसा आणि रात्री चित्र तपासावे. निम्मे वाद तिथेच मिटतील.

समुपदेशन केंद्राच्या बाबतीत कॅमेरा काढणे आणि ठेवणे यांच्यामध्ये एक मार्ग आहे. संगणक वाचवायचे असतील तर मार्गिकेऐवजी त्या खोलीच्या आत कॅमेरा ठेवून तो फक्त कार्यालयीन वेळेनंतर चालू राहील अशी वेळ लावता येते, मात्र त्या खोलीत समुपदेशन होत नसावे. मार्गिकेतला कॅमेरा ठेवावाच लागला, तर दाराचा भाग झाकणारा पट्टा कॅमेऱ्यातच लावावा. काही यंत्रणांमध्ये हा पट्टा केवळ पाहण्याच्या पडद्यावर दिसतो आणि मूळ चित्रण उघडेच राहते, त्यामुळे पुरवठादाराकडून चित्रणाची प्रत काढून घेऊन ती स्वतः तपासावी. आवाजाचे ध्वनिमुद्रण सर्वत्र बंद असावे. अनेक कॅमेऱ्यांत मायक्रोफोन असतो आणि तो चालू आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

साठवणीचा हिशेबही मांडून पाहा. सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट आणि ३० दिवसांत १.३ टेराबाइट जागा घेतो. सहा महिने ठेवायचे म्हटले तर प्रत्येक कॅमेऱ्यामागे जवळपास ८ टेराबाइट. हा खर्च करण्याऐवजी प्रकाशयोजना सुधारली तर अधिक लाभ होईल असे माझे मत आहे.

सुरक्षेची यंत्रणाच असुरक्षित असू नये, याकडेही लक्ष द्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने, उत्पादकाने दिलेले मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्यामार्फत इतरांवर हल्ले केले होते. कॅमेऱ्यांचे जाळे विद्यापीठाच्या इतर जाळ्यापासून वेगळे असावे, ते थेट इंटरनेटवर उघडे नसावे, प्रत्येक पाहणाऱ्याचे खाते वेगळे असावे आणि सर्व उपकरणांची घड्याळे एकाच वेळेशी जुळवलेली असावीत. घड्याळ सात-आठ मिनिटांनी मागे असलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण एखाद्या निरपराध व्यक्तीला चुकीच्या वेळी चुकीच्या ठिकाणी दाखवू शकते.

धागाकर्ती

फार उपयुक्त. पट्टा कॅमेऱ्यात लागतो की पडद्यावर, हा फरक मला ठाऊक नव्हता. तो उद्याच विचारते.

मुदतीबाबत मात्र माझी अडचण कायम आहे. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७२ तासांपेक्षा जास्त काळ चित्रण ठेवायचे असेल तर त्याची कारणे तितकी भक्कम हवीत. तत्त्व म्हणून मला ते पटते. पण परिसरात छळ झालेली विद्यार्थिनी तीन दिवसांत तक्रार करेलच असे नाही. तिला धीर एकवटायला कितीतरी आठवडे लागू शकतात, आणि तोवर चित्रण पुसले गेले तर तिच्याच शब्दावर शंका घेतली जाते. कमी मुदतीचा आग्रह धरून मी तिच्यावर अन्याय तर करत नाही ना, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रतिसाद २ (तक्रार निवारण समितीत काम केलेली)

आपली चिंता खरी आहे, आणि तिचे उत्तर मुदत वाढवण्यात नाही असे माझे ठाम मत आहे. चित्रण *राखून ठेवणे* आणि चित्रण *पाहणे* ही दोन कामे आपण एकच समजतो, तिथे घोटाळा होतो. ती वेगळी करा. राखून ठेवण्याचा मार्ग सर्वांना खुला आणि अगदी सोपा असावा, तर पाहण्याचा मार्ग अरुंद आणि लेखी असावा.

प्रत्यक्षात हे असे करता येते. परिसरातील कोणीही, विद्यार्थी, कर्मचारी किंवा पाहुणा, ठिकाण आणि अंदाजे वेळ एवढेच सांगून त्या भागाचे चित्रण राखून ठेवण्याची विनंती करू शकेल. कारण सांगण्याची सक्ती नसावी आणि तक्रार दाखल झालेली असण्याचीही अट नसावी. विनंती येताच तो तुकडा नेहमीच्या पुसण्याच्या चक्रातून बाहेर काढून कुलूपबंद ठेवला जाईल. तो कोणीही पाहणार नाही, सुरक्षा विभागही नाही. त्यानंतर ठरावीक काळात, समजा सहा महिन्यांत, तक्रार आली तर पाहण्याची परवानगी मागता येईल. न आल्यास तो पुसला जाईल. आपण म्हणता त्या विद्यार्थिनीला त्या दिवशी कोणालाही काही सांगावे लागत नाही, फक्त ‘हे राहू द्या’ एवढे म्हणावे लागते. तेवढे बळ अनेकींकडे असते. समितीसमोर बसण्याचे बळ नंतर येते. विनंती मैत्रिणीमार्फत किंवा समुपदेशकामार्फतही करता यावी, आणि ती स्वीकारणारी व्यक्ती सुरक्षा विभागातली नसावी, कारण तक्रार एखाद्या रक्षकाविरुद्धही असू शकते.

हा मार्ग असेल तर सर्वसाधारण मुदत दोन ते चार आठवडे ठेवणे मला पुरेसे वाटते. जिथे माणसांचा खाजगी वावर अधिक आहे, तिथे ती त्याहून कमी असावी. त्याहूनही उशिरा येणाऱ्या काही तक्रारींना चित्रणाचा आधार मिळणार नाही, हे मान्य करावे लागेल. अशा वेळी चित्रण नाही म्हणून तक्रारदाराचे म्हणणे कमकुवत ठरणार नाही, हे धोरणात स्पष्ट शब्दांत लिहा. मी हे विशेष आग्रहाने सांगते, कारण कॅमेरे आल्यापासून चित्रण नसलेली घटना घडलीच नाही असे मानण्याची वृत्ती चौकशीत शिरताना मी पाहिली आहे.

पाहण्यासाठी दोन व्यक्तींची लेखी मान्यता असावी आणि त्यातली एक सुरक्षा विभागाबाहेरची असावी. मागितलेल्या वेळेपुरतेच चित्रण उघडावे. प्रत द्यावी लागली तर त्यातील इतरांचे चेहरे अस्पष्ट करावेत. एक गळती मात्र कोणत्याही प्रणालीला दिसत नाही: नियंत्रण कक्षातल्या पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रण. बाहेर पसरणारी दृश्ये पुष्कळदा अशीच बाहेर पडतात. त्या कक्षात खाजगी मोबाइल नेण्यास मनाई असावी आणि पडद्यावर पाहणाऱ्याच्या खात्याचे नाव सतत उमटत राहावे.

विभागप्रमुखांच्या मागणीबद्दल: हजेरीसाठी वेगळी व्यवस्था असताना सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले चित्रण त्यासाठी वापरले, तर कॅमेरे कशासाठी आहेत याबद्दल विद्यापीठाने लोकांना सांगितलेले खोटे ठरते. आज हजेरी, उद्या कोण कोणाबरोबर बसते, परवा कोणत्या सभेला कोण गेले, असा तो प्रवास आहे. ज्ञान निर्माण करणाऱ्या संस्थेत मतभेद मोकळेपणाने बोलता आले पाहिजेत, आणि सभेच्या दारात आपली नोंद होत आहे हे माहीत असलेला माणूस मोकळेपणाने बोलत नाही. समितीत हाच मुद्दा मांडा. शांततापूर्ण सभा, निदर्शने आणि संघटनांच्या कार्यालयांवर कॅमेरे रोखले जाणार नाहीत, हे कलम वेगळे लिहावे.

प्रतिसाद ३

चेहरा ओळखण्याबद्दल आपल्याला दोन उदाहरणे देता येतील. स्वीडनमधील एका शाळेत २२ विद्यार्थ्यांची हजेरी या तंत्राने घेण्याचा प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये तेथील डेटा संरक्षण प्राधिकरणाने संबंधित नगरपालिकेला २ लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थ्यांची संमती घेतली होती, पण शाळेपुढे विद्यार्थी खऱ्या अर्थाने ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून ती संमती ग्राह्य धरली गेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर आपल्या परिसरात हे तंत्र आणण्याचा विचार सोडून दिला. ‘चाचणी’ असली तरी चेहऱ्यांचा साठा तयार होतोच, आणि पासवर्ड बदलता येतो तसा चेहरा बदलता येत नाही, हे समितीला सांगा.

एक छोटी भर: कॅमेऱ्याजवळच्या फलकावर कोण चित्रण करते, कशासाठी, किती दिवस ठेवते आणि विचारणा कुठे करायची, हे वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत असावे. नकली कॅमेरे लावू नका. संकटात सापडलेला माणूस त्यांच्याकडे पाहून थांबतो, आणि पलीकडे कोणीच नसते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. राखून ठेवणे आणि पाहणे यांची फारकत मला सुचलीच नसती. पुढच्या बैठकीसाठी मी हे कलम लिहिले आहे: ‘परिसरातील कोणतीही व्यक्ती, कारण न देता, ठिकाण व वेळ सांगून चित्रण राखून ठेवण्याची विनंती करू शकेल. असे चित्रण सहा महिने सुरक्षित ठेवले जाईल आणि दोन अधिकाऱ्यांच्या लेखी मान्यतेशिवाय ते कोणीही पाहणार नाही.’ यात काही राहिले आहे का?

प्रतिसाद २

दोन गोष्टी जोडा. विनंती मिळाल्याची आणि चित्रण प्रत्यक्षात राखून ठेवल्याची लेखी पोच त्याच दिवशी मिळावी. विनंती टेबलावर पडून राहिली आणि मधल्या काळात चित्रण पुसले गेले, तर सगळे कलम व्यर्थ जाईल. आणि ‘दोन अधिकाऱ्यांच्या’ या शब्दांनंतर ‘ज्यांच्याविरुद्ध तक्रार नाही अशा’ हे शब्द घाला. शिवाय किती विनंत्या आल्या, किती वेळा चित्रण पाहिले गेले आणि किती वेळा नकार दिला गेला, याचे आकडे नावांशिवाय दरवर्षी प्रसिद्ध करण्याची तरतूद याच प्रकरणात करून घ्या. नंतर ती मंजूर करून घेणे कठीण जाते.