मदत हवी आहे : ग्रीन अ‍ॅरो नेमका कुठून वाचायला घ्यावा?

मंडळी, १४ वर्षांच्या भाचीने टीव्हीवरची मालिका संपवली, आता तिला मूळ कॉमिक्स हवी आहेत. पण हा ग्रीन अ‍ॅरो, म्हणजे धनुर्धारी सुपरहिरो ऑलिव्हर क्वीन, दर पिढीला वेगळाच निघतो! १९४१ मध्ये आला तेव्हा सरळसरळ बॅटमॅनची नक्कल: श्रीमंत, बाणाच्या नावाची गाडी, सोबतीला पोरगा स्पीडी. १९६९ मध्ये चित्रकार नील अ‍ॅडम्सने त्याला ती फ्रेंच दाढी दिली, लेखक डेनी ओ'नीलने इस्टेट काढून घेतली. पुढे ग्रीन लँटर्न या दुसऱ्या सुपरहिरोसोबत अमेरिकाभर फिरत गरिबी, वर्णभेदावर तावातावाने भांडणारा ऑली, आणि १९७१ मध्ये खुद्द स्पीडीच हेरॉइनच्या आहारी गेलेला. माझ्या मते अस्सल ग्रीन अ‍ॅरो हाच. (भाषणं जरा लांबतात, ते सोडा.)

१९८७ मध्ये लेखक-चित्रकार माइक ग्रेलने करामती बाण बंद करून त्याला सिअ‍ॅटलला नेलं. ते मात्र फारच हिंसक आहे, तिला इतक्यात देणार नाही. मग १९९५ मध्ये ऑलीचा मृत्यू, मुलगा कॉनर हॉक वारस, २००१ मध्ये लेखक केव्हिन स्मिथने पुन्हा जिवंत केला.

तर ग्रेल वगळून २००१ चं कथानक कळेल का? की लेखक जेफ लेमीरचे २०१३ पासूनचे अंक थेट द्यावेत? आणि ७०च्या दशकातले अंक एकत्र छापलेलं पुस्तक पुण्यात कुणाला दिसलंय का?