प्रतिसाद: अंड्यांचं तापमान वरखाली होतंय

इनक्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) ठेवलेल्या बॉल पायथन या अजगराच्या अंड्यांचं तापमान वरखाली होतंय, असा प्रश्न होता. रात्री ते दोन-तीन अंशांनी उतरलं म्हणून अंडी टाकून देऊ नका, हे आधीच्या प्रतिसादातलं म्हणणं अगदी पटलं. थोडा वेळ गारवा लागला तर बहुतेक वेळा पिल्लं उशिरा बाहेर येतात, एवढंच. जास्त भीती पारा चढण्याची. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१ ते ३२ अंश सेल्सिअस चांगलं. त्याहून बरंच वर टिकून राहिलं तर पिल्लांचा कणा वाकडा होतो किंवा ती अंड्यातच मरतात.

पण नुसता थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण) बदलून भागणार नाही. इनक्युबेटरच्या रिकाम्या जागेत पाण्याने भरलेल्या बंद बाटल्या ठेवा. पाणी उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे वीज गेली तरी तापमान सावकाश उतरतं. मला याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला. आणि हे करताना अंडी फिरवू नका, कृपया! प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून ठेवा.