ठाण्यातल्या मैफिली, फुकट पास आणि सकाळचे राग

चरईकर
गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी या हिवाळ्यात ठाणे-नवी मुंबईत होणाऱ्या शास्त्रीय मैफिलींची यादी टाकली होती. त्याखाली 'वाशी सेक्टर १७' यांनी लिहिलं, "यादी कशाला करता? ठाणेकर फुकट पास असला तरच येतो आणि मध्यंतरात वडा खाऊन घरी जातो. खरं गाणं ऐकायचं तर डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व महोत्सव गाठा." दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना.

गायक-नट राम मराठे ज्या गावात राहिले, ज्या गावात दरवर्षी त्यांच्या नावाने महोत्सव होतो, त्या गावाला कान नाहीत? कल्याणला गायन समाज भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ देवगंधर्व महोत्सव करतो, तिथे ठाण्याहून लोकल पकडून जाणारे आम्हीच असतो. श्रोता आहे. त्याला गाणं मिळत नाही.

मागच्या हिवाळ्यातला एक कार्यक्रम सांगतो. वेळ सहाची. पडदा उघडला पावणेसातला. मग दीपप्रज्वलन, मनोगत, अकरा जणांना शाल-श्रीफळ. गायिका बसली तेव्हा आठ वाजायला आले होते. विंगेत लावून ठेवलेले तानपुरे तासभर एसीत पडून उतरले होते. तिने पाच मिनिटं मागितली. भोपळ्याला कान लावून ती तानपुऱ्याच्या घोडीवरचा, सूर घुमवणारा जवारीचा दोरा नखाने केसभर सरकवत होती, खाली मणी हलवत होती, आणि तेवढ्यात निवेदकाने माइकवर प्रायोजकांची नावं वाचायला घेतली. तिला स्वतःचा खर्ज, म्हणजे खालचा सा, ऐकू येत नव्हता. तिसऱ्या रांगेतून तिचा चेहरा मला दिसत होता. पूरिया धनाश्री रागाचा विलंबित, म्हणजे संथ ख्याल, जेमतेम पंचवीस मिनिटं झाला आणि चिठ्ठी आली, आवरतं घ्या.

माझं म्हणणं एवढंच. सत्कार बंद करा, तिकीट लावा आणि एका कलाकाराला सलग तीन तास द्या. मग ठाणेकर उठून जातो का ते बघू.

वाशी सेक्टर १७
तो प्रतिसाद माझाच आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही खुर्चीत बसून बोलताय, मी आयोजन केलंय.

आम्ही पाच मित्रांनी वाशीत एक मैफल केली. दोनशे रुपये तिकीट. सोसायट्यांच्या फलकांवर पत्रकं लावली, ओळखीच्या प्रत्येकाला फोन केले. तिकिटं खपली अडतीस. हॉलचं भाडं, ध्वनिव्यवस्था, तबलजी आणि पेटीवाल्यांची बिदागी, सगळं आमच्या खिशातून. पुढच्या वर्षी तोच हॉल, तेच गायक, पास फुकट. लोक पायऱ्यांवर बसले. यावर काय म्हणता?

आणि सत्कार बंद करा म्हणणं सोपं आहे. ज्याचा सत्कार होतो तोच बहुधा हॉलचं भाडं भरतो. तुमची पंचवीस मिनिटंसुद्धा त्याच्याच पैशावर झाली.

कासारवडवलीहून
श्रोता येत नाही म्हणता, पण श्रोता येणार कसा? शनिवारी संध्याकाळी घोडबंदरवरून तलावपाळीला पोचायला दीड तास. घाणेकर नाट्यगृहात होतं ते त्यातल्या त्यात बरं. मागे ऐंशीच्या आईला घेऊन कशीबशी पोचले, तर पहिल्या चार रांगा राखीव. शेवटपर्यंत त्यातल्या दोन रांगा रिकाम्या होत्या आणि आई बाजूच्या भिंतीला टेकून उभी. स्वयंसेवकाला विनवलं, तो म्हणाला, "साहेब येणार आहेत." साहेब आले नाहीत. तेव्हापासून आई घरी रेडिओ ऐकते. तिला परत या म्हणायची माझी हिंमत नाही.

षड्ज कळवा
तुम्ही दोघंही तिकिटावर अडलात. माझी तक्रार वेगळी आहे. मी अकरा वर्षं गाणं शिकवते. माझ्या विद्यार्थिनींना तोडी हा सकाळचा राग येतो, पण एकीनेही तो समोर बसून ऐकलेला नाही. कारण राग ठरल्या वेळी गातात आणि आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक मैफल संध्याकाळची. यमन, मारुबिहाग, पूरिया धनाश्री, फार तर बागेश्री, शेवटी भैरवी. भैरव, ललत, जौनपुरी, दुपारचे सारंग, मुलतानी हे सगळं मुलींसाठी मोबाइलमध्येच. यादीतले सगळे कार्यक्रम पाहिले, सकाळचा एकही नाही. दिवाळी पहाट असते म्हणाल, पण तिथे आता भावगीतं आणि सिनेमाची गाणी.

रात्रीचंही तेच. दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, हा २००० सालचा नियम सगळे पुढे करतात. पण बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे. रात्रीचा दरबारी आपल्याकडे बंद झाला तो नियमामुळे नाही, सत्र संपलं की हॉल रिकामा करून द्यायचा असतो म्हणून.

नेरूळ पूर्व
मग संध्याकाळी सात वाजता गाऊ दे की तोडी! बंद हॉल, खिडकी नाही, वर एलईडी. बाहेर दिवस आहे की रात्र, कुणाला कळतंय? आमच्या मजल्यावर तमिळ कुटुंब आहे. त्यांच्या कर्नाटक संगीतात घड्याळ बघून राग निवडत नाहीत, आणि त्यांचं काही अडलेलं नाही. रागाचा समय हा आपण धरून ठेवलेला हट्ट आहे. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी तो पुस्तकात बसवला आणि आपण सोडायला तयार नाही.

षड्ज कळवा
भातखंड्यांनी शोधला नाही, जो चालत आला होता तो नीट मांडला. संधिप्रकाश रागांचं, म्हणजे पहाटे आणि सूर्यास्ताला गायच्या रागांचं बघा. कोमल रिषभ, शुद्ध गंधार दोन्ही वेळेला. शुद्ध मध्यम प्रबळ असेल तर सकाळ, तीव्र असेल तर संध्याकाळ. ही ऐकत आलेल्या पिढ्यांची समज आहे. 'हट्ट' म्हणून झटकून टाकायची गोष्ट नाही.

नेरूळ पूर्व
मग मारवा, पूरिया आणि सोहनीचं काय? तिघांचे स्वर तेच. तिन्हीत मध्यम तीव्र. मारवा-पूरिया सूर्यास्ताचे आणि सोहनी उत्तररात्रीचा! तुमचा मध्यमाचा नियम तिथेच मोडला. म्हणजे सवयच ना?

षड्ज कळवा
स्वर तेच, पण चालतात कुठे? पूरिया मंद्रात, खालच्या सप्तकात उतरतो, तिथेच रमतो. सोहनी तार षड्जाभोवती, वरच्या साभोवती फिरतो. गळा लावून बघितलाय कधी? आमच्या बाई पहाटे पाचला खर्ज लावायला बसवायच्या. थंडीत घसा धरलेला असायचा. महिनाभर नुसता षड्ज. एकदा त्या मागे ललत गुणगुणत होत्या, शुद्ध आणि तीव्र मध्यम लागोपाठ, आणि खिडकीत उजाडत होतं. मी रडले होते. तुम्ही तोच ललत संध्याकाळी सातला, सत्कारानंतर ऐका आणि खुशाल म्हणा की फरक पडत नाही. मला तुमची कीव येते.

नेरूळ पूर्व
कीव करायचं कारण नाही. मी पहिल्या पाळीला जातो, पहाटे पाचला माझी डबा भरायची घाई असते. संध्याकाळी जेवढं कानावर पडेल तेवढंच माझं. तुमचा नियम पाळला तर माझ्यासारख्याने जन्मात तोडी ऐकू नये. ते चालेल तुम्हाला?

षड्ज कळवा
कीव हा शब्द मागे घेते. तुमच्यासाठी कुणी संध्याकाळी तोडी गायलं तर मी आक्षेप घेणार नाही. पण मी गाणार नाही.

चरईकर
विषय कुठच्या कुठे गेला, पण कळव्याच्या ताईंच्या म्हणण्याने मला एक सुचलं. हॉल बहुधा सत्रावर मिळतो आणि नाटकांची झुंबड असते दुपारी आणि रात्री. रविवारी सकाळी सात ते दहा तेवढी नसते. घंटाळीचं सहयोग मंदिर किंवा घाणेकरचं लहान सभागृह घ्यावं. एकच गायक. भैरव, मग तोडी, उन्हं वर आली की जौनपुरी. राखीव रांग नाही, म्हणजे कासारवडवलीच्या आजी पुढे बसतील, आणि त्या वेळी घोडबंदर रस्ताही मोकळा असतो. पहिल्या पाळीवाल्यांना रविवारी सुटी असेल तर त्यांनीही यावं.

वाशीकर, अडतीस तिकिटांचं तुमचं दुःख मी हलकं लेखत नाही. खिशातून पैसे घालणाऱ्या माणसाला मी उपदेश करायला नको होता. पण तुम्ही संध्याकाळची वेळ घेतली होती, त्याच दिवशी बाकीही कार्यक्रम असणार. सकाळ फारशी कुणी करून पाहिलेली नाही.

वाशी सेक्टर १७
सकाळी सातला ठाण्यात दोनशे रुपये देऊन माणसं येतील, हे मला अजूनही पटत नाही. साठ आली तरी खूप झालं. आणि हॉलचे पैसे आधी भरावे लागतात, हे लक्षात ठेवा. पहिल्या दहा तिकिटांचे पैसे माझ्याकडून घ्या. वाशीहून पहाटेच्या लोकलने येईन. मात्र गायकाच्या आधी कुणी माइकवर आलं, तर त्या क्षणी उठून परत जाईन.

कासारवडवलीहून
आईला आत्ताच विचारलं. म्हणाली, "तोडी असेल तर ये म्हणावं." आमची दोन तिकिटं धरा.